तुलना कोणाशी? : वृद्ध मांजराच्या रक्तचाचणीतील ‘असामान्य’ आकड्यांचा इतिहास

सारांश

वृद्ध मांजराच्या रक्तचाचणीच्या अहवालात एखाद्या आकड्यापुढे ‘अधिक’ किंवा ‘कमी’ अशी खूण आली की तो आकडा असामान्य मानला जातो. वस्तुतः ही खूण म्हणजे एका तुलनेचा निष्कर्ष असतो. ही तुलना इतिहासक्रमात कोणाशी केली गेली, याचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. मोजण्याची साधने माणसाच्या रक्तासाठी घडली. अर्थ लावण्याचे नियम बव्हंशी कुत्र्यावरून आले. ‘प्रसामान्य’ मर्यादा निरोगी मांजरांच्या समूहावरून ठरल्या. आणि अखेरीस मांजराची तुलना त्याच्याच पूर्वीच्या आकड्यांशी करावी, हा विचार पुढे आला. या चार तुलनांच्या आधारे वृद्ध मांजराच्या असामान्य आकड्यांचा अर्थ कसा बदलत गेला, हे येथे स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : पशुवैद्यकाचा इतिहास, प्रसामान्यता, संदर्भ मर्यादा, क्रिएटिनिन, थायरॉईड, मूत्रपिंडविकार, वृद्धत्व.

१. प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासात माणसाच्या रक्ताला आणि लसीकरणाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे घरातील प्राण्यांच्या रक्ताला मिळालेले नाही. मात्र ‘प्रसामान्य म्हणजे काय’ या प्रश्नाचा इतिहास पाहायचा असेल, तर मांजराचे उदाहरण उपयुक्त ठरते. आपल्याला काय होते आहे, हे मांजर सांगू शकत नाही. शिवाय आजार लपवणे हा त्याचा स्वभावधर्म आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मांजराचे वजन घटू लागले, ते पाणी अधिक पिऊ लागले किंवा त्याची भूक बदलली, की शारीरिक तपासणीबरोबर रक्ताचा अहवाल हाच निदानाचा मुख्य आधार होतो. औषध आयुष्यभर द्यायचे की नाही, भूल देऊन शस्त्रक्रिया करायची की नाही, आणि क्वचित त्या प्राण्याला वेदनामुक्त मरण द्यायचे की नाही, असे निर्णय या आकड्यांशी जोडलेले असतात. म्हणून आकडा कोठून आला आणि त्याला ‘असामान्य’ कोणत्या आधारे म्हटले गेले, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

२. पशुवैद्यकाच्या परिघावरचे मांजर

आधुनिक पशुवैद्यकीय शिक्षणाचा आरंभ फ्रान्समधील लियॉन येथे क्लोद बूर्जला यांनी स्थापन केलेल्या शाळेपासून मानला जातो. तेथे अध्यापन १७६२ मध्ये सुरू झाले. घोडदळाचे घोडे आणि साथीच्या रोगांनी मरणारी गुरे, ही या शिक्षणामागील प्रेरणा होती. लंडन येथील पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ मध्ये स्थापन झाले, तेही घोड्याला केंद्रस्थानी ठेवूनच.

भारतातील चित्र यापेक्षा वेगळे नव्हते. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेली शाही जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वर येथे हलवण्यात आली. गुरांचा बुळकांड्या रोग हा तिच्यापुढील प्रमुख प्रश्न होता. ज्या प्राण्याचे मूल्य शेतीत, सैन्यात किंवा वाहतुकीत मोजता येत होते, त्याच्याभोवती हे शास्त्र उभे राहिले. उंदीर मारण्यापलीकडे मांजराचे आर्थिक मूल्य नव्हते. साहजिकच मांजराचे म्हातारपण हा शास्त्राचा विषय होण्यास फार काळ जावा लागला.

केवळ मांजरांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आल्या. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये जोन जड यांच्या पुढाकाराने ‘फेलाइन अ‍ॅडव्हायझरी ब्यूरो’ स्थापन झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मांजरांच्या आरोग्याला वाहिलेले केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. दरम्यान १९६४ मध्ये ग्लासगो येथील विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरातील रक्तकर्करोगास कारणीभूत होणाऱ्या विषाणूचा शोध जाहीर केला. स्वतंत्र रुग्ण म्हणून मांजराची ओळख या काळात पक्की होत गेली.

३. रुग्ण होण्यापूर्वीचे मांजर : प्रयोगशाळेतील साखर

रुग्ण म्हणून मांजराची दखल घेतली जाण्यापूर्वी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचित होते. जखडून ठेवलेल्या मांजरांच्या मूत्रात साखर उतरते, असे बोह्म आणि हॉफमान या जर्मन संशोधकांनी १८७८ मध्ये नोंदवले होते. १९११ मध्ये हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घटनेचा पुढे अभ्यास केला. वेदना न देताही केवळ भीतीमुळे मांजराच्या मूत्रात साखर येते, आणि अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या मांजरात तसे घडत नाही, असे त्यांना आढळले. ‘लढा किंवा पळा’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या प्रतिक्रियेच्या सिद्धान्तामागे भ्यालेल्या मांजरावरील ही निरीक्षणे होती.

या प्रयोगांचा उद्देश मांजराला बरे करणे हा नव्हता. प्राणिमात्राच्या भावना आणि ग्रंथी यांचा संबंध समजून घेणे हा होता. परंतु आजच्या चिकित्सालयातील एका नेहमीच्या अडचणीचे उत्तर त्यांत आहे. पिंजऱ्यात घालून आणलेल्या, अनोळखी वासाने व कुत्र्यांच्या भुंकण्याने घाबरलेल्या मांजराच्या रक्तात साखर वाढलेली दिसते. हा मधुमेह आहे की भीती आहे, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. मागील दोन-तीन आठवड्यांतील साखरेची साधारण पातळी सुचवणारी फ्रुक्टोसामीन ही चाचणी माणसांसाठी १९८३ मध्ये पुढे आली. नंतर ती मांजरांसाठी वापरात आल्यावर हा भेद करणे सोपे झाले. तात्पर्य, रक्तातील आकडा जसा शरीराची स्थिती सांगतो, तसाच तो रक्त घेतानाच्या परिस्थितीचीही नोंद ठेवतो.

४. पहिली तुलना : माणसाशी

मूत्रपिंडाच्या कार्याचा निर्देशक म्हणून मोजल्या जाणाऱ्या क्रिएटिनिनचा इतिहास १८८६ पर्यंत मागे जातो. त्या वर्षी माक्स याफे यांनी क्रिएटिनिन आणि पिक्रिक आम्ल यांच्या संयोगाने अल्कलीयुक्त द्रावणात तांबूस-नारिंगी रंग येतो, हे दाखवले. योगायोगाने मुंबईतील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या स्थापनेचेही हेच वर्ष आहे. ऑटो फोलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या रंगाच्या तीव्रतेवरून क्रिएटिनिन मोजण्याची पद्धत विकसित केली. फोलिन आणि वू यांनी १९१९ मध्ये रक्ताच्या रासायनिक विश्लेषणाची एकत्रित पद्धत प्रसिद्ध केली. या सर्व पद्धती माणसाच्या रक्तासाठी व मूत्रासाठी होत्या.

पुढील साधनांचेही तसेच झाले. वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये रक्तपेशी मोजणाऱ्या विद्युत् तत्त्वावरील यंत्राचे एकस्व मिळाले. आर्थर कार्मेन आणि सहकाऱ्यांनी १९५४-५५ च्या सुमारास ट्रान्सअमिनेज विकरे रक्तद्रवात मोजता येतात, हे दाखवले. ही विकरे पुढे यकृताच्या इजेचे निर्देशक म्हणून रूढ झाली. लेनर्ड स्केग्ज यांचा स्वयंचलित विश्लेषक १९५७ मध्ये बाजारात आला आणि एकामागून एक नमुने मनुष्यबळाविना तपासणे शक्य झाले.

ही साधने मांजराच्या रक्ताला जशीच्या तशी लागू पडत नव्हती. मांजराची लाल रक्तपेशी माणसाच्या पेशीहून बरीच लहान असते. तिचे सरासरी आकारमान माणसाच्या पेशीच्या निम्म्याच्या आसपास भरते. उलट त्याच्या प्लेटलेट तुलनेने मोठ्या असतात आणि रक्त काढताना त्यांच्या गुठळ्या सहज होतात. आकारावरून पेशी ओळखणारे यंत्र अशा वेळी काही प्लेटलेट लाल पेशींत मोजते व गुठळ्या मोजतच नाही. परिणामी अहवालात प्लेटलेटची संख्या धोकादायक रीतीने कमी दिसते आणि प्रत्यक्षात प्राणी सुरक्षित असतो. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जुनी रीत मांजराच्या बाबतीत आजही टिकून आहे, तिचे कारण हेच आहे.

५. दुसरी तुलना : कुत्र्याशी

पशुवैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्र स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आकारास आले ते १९६० च्या दशकात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील ऑस्कर शाल्म यांचा पशूंच्या रक्तशास्त्रावरील ग्रंथ १९६१ मध्ये, तर कॉर्नेलियस आणि कानेको यांनी संपादित केलेला पाळीव प्राण्यांच्या जीवरसायनशास्त्रावरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाऐवजी प्राण्याच्या स्वतःच्या जातीला आधार मानण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल होते. तथापि लहान प्राण्यांच्या चिकित्सेत बरेचसे ज्ञान कुत्र्यावरून आलेले होते आणि मांजराला ते अनुमानाने लावले जात असे.

या अनुमानातील धोका अल्कलाइन फॉस्फटेज या विकरावरून स्पष्ट होतो. कुत्र्याच्या रक्तात या विकराचे अर्धायुष्य सुमारे तीन दिवसांचे, तर मांजरात ते सुमारे सहा तासांचे असते. शिवाय कुत्र्यामध्ये स्टिरॉइडच्या प्रभावाने या विकराचा एक विशिष्ट प्रकार वाढतो. मांजरात तो आढळत नाही. म्हणून कुत्र्यात जी वाढ किरकोळ समजून सोडून देता येते, तेवढीच वाढ मांजरात यकृत, पित्तमार्ग किंवा थायरॉईडच्या विकाराची सूचना असू शकते. ‘मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे’ हे मार्जारवैद्यकातील बोधवाक्यासारखे झालेले विधान अशा अनुभवांतून आले आहे.

६. तिसरी तुलना : निरोगी समूहाशी

असामान्य ठरवण्यासाठी आधी सामान्य ठरवावे लागते. बेल्जियमचे अडोल्फ केटले यांनी १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही संकल्पना मांडली. तिच्यावर आधारित विचाराला क्लोद बर्नार यांनी १८६५ मधील आपल्या प्रायोगिक वैद्यकाच्या ग्रंथात तीव्र विरोध केला. रेल्वेस्थानकावरील मुतारीतून नमुना घेऊन युरोपीय माणसाचे सरासरी मूत्र सादर करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञाचे त्यांनी दिलेले उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सरासरी ही अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचे वर्णन करते, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये आपल्या प्रबंधात हा विचार पुढे नेला आणि प्रसामान्यता ही केवळ संख्याशास्त्रीय बाब नसून ती जीवाच्या आपल्या परिस्थितीशी असलेल्या नात्यात असते, असे प्रतिपादन केले.

प्रयोगशाळांच्या व्यवहारात हा पेच १९६९ मध्ये एका शब्दबदलाने काही प्रमाणात सुटला. राल्फ ग्रेसबेक आणि सारिस यांनी ‘प्रसामान्य मूल्ये’ याऐवजी ‘संदर्भ मूल्ये’ ही संज्ञा सुचवली. निवडलेल्या निरोगी समूहातील मधल्या ९५ टक्के व्यक्तींचे आकडे ज्या दोन टोकांच्या दरम्यान पडतात, ती संदर्भ मर्यादा होय. याचा सरळ अर्थ असा की, निरोगी समूहातील प्रत्येक वीस प्राण्यांपैकी एक प्राणी व्याख्येनेच मर्यादेबाहेर पडतो. परस्परांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकाच निरोगी प्राण्यावर केल्या, तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. प्रत्यक्षात चाचण्या परस्परांशी काही अंशी निगडित असल्याने हे प्रमाण थोडे कमी राहते. तरी मुद्दा बदलत नाही. स्वयंचलित यंत्रांमुळे एका नमुन्यावर अनेक चाचण्या करणे स्वस्त झाले आणि त्याबरोबर आजाराविना ‘असामान्य’ ठरणारे आकडेही वाढले.

पशुवैद्यकीय प्रयोगशाळाशास्त्राच्या अमेरिकन संस्थेने २०१२ मध्ये संदर्भ मर्यादा ठरवण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. समूहाची निवड, संख्या आणि वापरलेले यंत्र यांची स्पष्ट नोंद असावी, यावर त्यांत भर आहे. वृद्ध मांजराच्या बाबतीत ही नोंद कळीची ठरते. संदर्भ समूहात तरुण व प्रौढ मांजरे अधिक असतील, तर चौदा वर्षांच्या मांजराची तुलना त्याच्या वयाच्या प्राण्यांशी होत नाही. जातिभेदही महत्त्वाचा आहे. बर्मन जातीच्या निरोगी मांजरांत क्रिएटिनिन इतरांपेक्षा अधिक आढळते.

७. थायरॉईड आणि मूत्रपिंड : एकमेकांना झाकणारे आकडे

वृद्ध मांजराच्या रक्ताचा अर्थ लावण्याच्या पद्धतीत सर्वांत मोठा बदल एका नव्याने ओळखल्या गेलेल्या रोगामुळे झाला. न्यूयॉर्क येथील मार्क पीटरसन यांनी १९७९ मध्ये मांजरातील थायरॉईडच्या अतिस्रावाची माहिती सादर केली. १९८० मध्ये बॉस्टन येथील जीन होल्झवर्थ आणि सहकाऱ्यांनी अशा दहा मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-मापनामुळे रक्तातील अत्यल्प संप्रेरके मोजणे शक्य झाले होते. या तंत्राबद्दल यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भरपूर खाऊनही खंगत जाणारे, अस्वस्थ असलेले म्हातारे मांजर आता केवळ ‘वय झालेले’ राहिले नाही. त्याच्या अवस्थेला उपचारयोग्य कारण मिळाले. वृद्धत्व आणि आजार यांतील सीमारेषाच येथे सरकली.

परंतु या ज्ञानाने एक नवा पेच निर्माण केला. थायरॉईड संप्रेरक वाढले की मूत्रपिंडातून होणारा रक्तप्रवाह व गाळण्याचा वेग वाढतो. त्याच वेळी स्नायू झिजतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येत असल्याने त्याची निर्मितीही घटते. दोन्ही कारणांनी रक्तातील क्रिएटिनिन उतरते. मूत्रपिंडे बिघडलेली असतानाही आकडा मर्यादेत दिसतो. थायरॉईडवर उपचार सुरू झाले की काही मांजरांत क्रिएटिनिन वाढते. ही वाढ म्हणजे औषधाने केलेली इजा आहे, असा समज सहज होऊ शकतो. मात्र १९९० च्या दशकातील अभ्यासांनी दाखवले की, उपचार बहुधा आधीपासून असलेला मूत्रपिंडविकार उघड करतात. याउलट, दुसरा गंभीर आजार असल्यास थायरॉईडचा वाढलेला आकडा दबून मर्यादेत येऊ शकतो. म्हणजे दोन विकार मिळून एक ‘प्रसामान्य’ आकडा तयार करू शकतात. मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा जसा रोग नव्हे, तसा मर्यादेतील प्रत्येक आकडा आरोग्यही नव्हे.

८. चौथी तुलना : स्वतःशी

बायोकेमिस्ट रॉजर विल्यम्स यांनी १९५६ मध्ये जीवरासायनिक व्यक्तिवैशिष्ट्याची कल्पना मांडली होती. युजीन हॅरिस यांनी १९७४ मध्ये तिला गणिती रूप दिले. एखाद्या घटकाचे प्रमाण एकाच व्यक्तीत स्थिर राहत असेल आणि व्यक्तीव्यक्तींत मात्र फार बदलत असेल, तर समूहाची मर्यादा त्या घटकासाठी फारशी उपयोगी नसते, हे त्यांनी दाखवले. मांजराचे क्रिएटिनिन हे याचे चांगले उदाहरण आहे. एखाद्या मांजराचे क्रिएटिनिन वर्षानुवर्षे १.० असेल आणि ते १.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर झाले, तर अनेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत ते अजूनही बसते. पण त्या मांजरापुरता तो मोठा बदल असतो.

आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड अभ्यासगट १९९८ मध्ये स्थापन झाला. त्याच्या वर्गवारीनुसार मांजरातील दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची दुसरी पायरी क्रिएटिनिन १.६ पासून, तिसरी २.९ पासून सुरू होते आणि ५.० च्या वर चौथी पायरी मानली जाते. पहिली पायरी तर १.६ च्या खालीच आहे. तेथे निदानासाठी मूत्रातील किंवा प्रतिमाचित्रणातील अन्य पुरावा लागतो. एका नमुन्यावरून पायरी ठरवू नये; शरीरातील पाण्याचे प्रमाण ठीक असताना, प्रकृती स्थिर असताना आणि पुन्हा मोजल्यावर ती ठरवावी, अशी या गटाची भूमिका आहे. मूत्रातील प्रथिने आणि रक्तदाब यांचीही तीत नोंद होते. रक्ताबरोबर मूत्राचे विशिष्ट गुरुत्व पाहण्याचा आग्रह याच विचारातून येतो. क्रिएटिनिन वाढूनही मूत्र पुरेसे दाट असेल, तर निर्जलीकरणाचा विचार आधी करावा लागतो.

सममित डायमिथाइल आर्जिनिन हा पदार्थ १९७० मध्ये मानवी मूत्रात ओळखला गेला होता. क्रिएटिनिनप्रमाणे स्नायूंच्या प्रमाणावर तो अवलंबून नसल्याने झिजलेल्या वृद्ध मांजरात तो विशेष उपयुक्त ठरला. २०१४ मधील एका अभ्यासात मूत्रपिंडविकार झालेल्या मांजरांत तो क्रिएटिनिनपेक्षा सरासरी १७ महिने आधी वाढल्याचे आढळले. २०१५ पासून ही चाचणी व्यावसायिक स्वरूपात उपलब्ध झाली. लवकर निदानाचा लाभ मोठा आहे. परंतु लक्षणे नसलेला प्राणी आता अधिक काळ ‘रुग्ण’ म्हणून ओळखला जातो, हाही त्याचा परिणाम आहे.

९. निष्कर्ष

१. ‘असामान्य’ हा रक्ताचा गुणधर्म नसून तुलनेचा निष्कर्ष आहे. तुलनेचा आधार बदलला की निष्कर्ष बदलतो.

२. मोजमापाची साधने माणसासाठी निर्माण झाल्यामुळे मांजराच्या रक्तातील काही विकृती यंत्रजन्य असतात. त्यांची शहानिशा सूक्ष्मदर्शकाने करावी लागते.

३. संदर्भ मर्यादा हा संख्याशास्त्रीय संकेत आहे. निरोगी प्राणीही तिच्याबाहेर पडतात आणि आजारी प्राणीही तिच्या आत राहतात.

४. वृद्ध मांजरात एकाहून अधिक विकार एकत्र असण्याची शक्यता असल्याने एका आकड्याचा अर्थ दुसऱ्या आकड्याच्या, मूत्रतपासणीच्या आणि शारीरिक लक्षणांच्या संदर्भातच लागतो.

५. प्राणी निरोगी असताना केलेली चाचणी हा वृद्धापकाळातील निदानाचा सर्वांत विश्वसनीय आधार ठरतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनाचे मूल्यमापन करताना ते कोणी, कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत निर्माण केले, हे विचारावे लागते. रक्तचाचणीचा अहवाल हेही असेच एक साधन आहे. दीडशे वर्षांच्या प्रवासानंतर मार्जारवैद्यक ज्या ठिकाणी पोहोचले आहे, तेथे एका कागदावरील एका खुणेवरून मुक्या प्राण्याच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय करणे शास्त्राला मान्य नाही. दुसरा नमुना, जुना अहवाल आणि समोर बसलेले प्रत्यक्ष मांजर, या तिन्हींची साक्ष एकत्र घेतल्याशिवाय तो आकडा पुरावा ठरत नाही.